ट्रायपॉडचे तीन दगड

झाड कॅमेऱ्यासमोर गुमान उभं राहतं. लाजत नाही, "माहा बी एक काढ ना" म्हणत नाही, शॉट चालू असताना मोबाइलवर मोठ्यानं बोलत नाही. म्हणून मी झाड निवडलं. माणसांनी मला इतका वैताग दिला होता की शेवटच्या वर्षाच्या फिल्ममध्ये एकही माणूस घ्यायचा नाही, हे मी विषय ठरायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

तेव्हा मी पुण्यात फिल्मचं शिक्षण घेत होते. त्याआधी छोट्या छोट्या फिल्म केल्या होत्या, सगळ्या अशाच. हॉस्टेलच्या भिंतीवरची मुंग्यांची रांग, पाण्याच्या टाकीखाली धरलेलं शेवाळ. शेवाळाची फिल्म अर्धी झाली आणि सफाईच्या मावशींनी टाकी घासून लख्ख करून ठेवली. वर मलाच म्हणाल्या, "रोज बघत बसायचीस ना, म्हटलं घाण वाटत असेल तुला." तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

शेवटच्या फिल्मची कल्पना साधी होती. एकच झाड, एकच जागा, एकच चौकट. श्रावणापासून वैशाखापर्यंत दर महिन्याला तेच झाड त्याच ठिकाणाहून टिपायचं आणि शेवटी सगळे तुकडे जोडायचे. झाड तेवढं बदलत जाणार, बाकी काही हलणार नाही. चौकट केसभर जरी सरकली तरी सगळं मुसळ केरात.

झाडही ठरलेलं होतं. डोणगावच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे आमच्या आणि शेजारच्या काकांच्या शेताच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे सामाईक बांधावर, एक जुना हिवर आहे. पांढुरका बुंधा, बोटभर काटे, श्रावण-भादव्यात पिवळट फुलांचे गोंडे आणि एका फांदीला सुगरणीचे खोपे. वडा-पिंपळासारखा त्याला कुणी पुजत नाही, त्याच्या सावलीला कुणी भाकर सोडत नाही. शेळ्या सोडल्या तर त्या झाडाकडे कुणी जात नसे. माणसं टाळायची तर याहून चांगली जागा कुठली, असा माझा हिशोब.

अडचण एकच होती. झाड धुऱ्यावरचं, म्हणजे अर्धं आमचं, अर्धं काकांचं, आणि काकांना ते नको होतं. काकांचं शेत आमच्यापेक्षा बरंच मोठं, ट्रॅक्टर त्यांचा, गावात शब्दही त्यांचा. सावलीखाली पीक येत नाही, काटे टायरात घुसतात, हे ते दर हंगामाला बोलून दाखवत. तूर निघाली की झाड तोडणार, असं त्यांनी त्या वर्षी पक्कं ठरवलं होतं. मी श्रावणातच त्यांच्याकडे जाऊन विनवलं.

"काका, वैशाखापर्यंत राहू द्या ना झाड. माह्या शिक्षणाचं काम हाय."

"झाडावर कोनतं शिक्षण वं?"

"फिल्म करून राह्यली मी त्याच्यावर."

काकांनी शेताकडे नजर फिरवली. मग म्हणाले, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे काहीही असू शकतं.

तर मी दर महिन्याला पुण्याहून ट्रॅव्हल्सनं मेहकर, मेहकरहून डोणगाव आणि तिथून मिळेल त्या गाडीनं गाव, अशी धडपडत यायची. काळ्या जमिनीत ट्रायपॉडचा पाय रुततो, म्हणून मी नाल्यातून तीन चपटे दगड आणले आणि आमच्या शेताच्या कोपऱ्यात, हिवराच्या समोर, अर्धे पुरून टाकले. ट्रायपॉडचा एकेक पाय एकेका दगडावर. महिन्यानं आलं तरी चौकट तीच. मला माझ्याच अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

आता मी काम कसं करायची, तेही सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यातूनच उभा राहिला. चपलेचा आवाज माइकमध्ये येतो, म्हणून चपला बांधावर काढून ठेवायची. उन्हात कॅमेऱ्याचा स्क्रीन दिसत नाही, म्हणून ओढणी डोक्यावरून पुढे ओढून कॅमेऱ्यावर पांघरायची आणि आत मान घालून वाकून बसायची. शॉट चालू असताना पक्ष्यांचा, वाऱ्याचा आवाज घ्यायचा असतो, म्हणून कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बोलायला आलेल्याला नुसता हात जोडून दाखवायची, की बाबा रे, जा.

लोक यायचेच. मोटारसायकल थांबवून विचारायचे, "कशाचं शूटिंग हाय? हिरोईन कोन हाय?" मी हात जोडायची. सोयाबीन सोंगायला आलेल्या बाया लांबूनच विचारायच्या, "काऊन वं, बोलत काऊन नाई?" मी हात जोडायची. मोटारसायकलची फटफट, बायांची हाक, सगळं त्या शॉटमध्ये भरलेलं असायचं आणि मी दात-ओठ खात पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

म्हणजे लांबून दिसायचं ते असं: गुरुजींची, म्हणजे माझ्या बाबांची, पोरगी दर महिन्याला पुण्याहून येते, अनवाणी पायानं शेतात जाते, डोक्यावर पदर घेते, मातीत बसवलेल्या तीन दगडांपुढे वाकते, हिवराकडे तोंड करून तासन् तास बसते, कुणाशी बोलत नाही आणि हात जोडते. पोरीचं लग्न व्हायचंय. आता यातून आमच्या गावानं काय अर्थ काढायला हवा होता? त्यांनी तोच काढला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. माघात, तूर निघाल्यावर मी गावी आले, कॅमेऱ्याची बॅग खांद्यावर टाकून शेतात गेले, तर दगड जागेवर नाहीत. शेत रोटाव्हेटर फिरवून सपाट केलेलं. काकांचा ट्रॅक्टर आमचंही शेत करतो. म्हटलं, गेले मातीत. ढेकळांमध्ये उकिडवी बसून हातानं माती उकरत होते, तेवढ्यात समोर नजर गेली. तिन्ही दगड हिवराच्या बुडाशी ओळीनं मांडलेले. तिन्हींना शेंदूर, थोडा बुंध्यालाही. पुढे अर्धं लिंबू, उदबत्तीच्या काड्या आणि खालच्या फांदीला, जी माझ्या चौकटीच्या बरोबर मधोमध यायची, लाल फडकं.

मी जी ओरडले, ती काकूंना त्यांच्या शेतात ऐकू गेली. काकू म्हणजे काकांची बायको. लगबगीनं आल्या.

"काय झालं वं माय? काटा मोडला का?"

"काकू, हे कोनं केलं?"

"ट्रॅक्टरवाल्यानं उचलले न. भेला बिचारा. म्हने गुरुजीच्या पोरीचा देव हाय, त्याच्यावरून यंत्र कसं फिरवू? पायातलं काढून, एकेक दगड दोन्ही हातानं आनून ठेवला त्यानं."

"देव नाई थो! ट्रायपॉडचे दगड हायेत!"

"हाव न," काकू समजुतीनं म्हणाल्या. "आपल्याले नाव घ्यायले जमत नाई, पन पावते."

पावल्याचा दाखलाही होता. कुणाची तरी शेळी हरवली होती, ती दोन दिवसांनी याच झाडाखाली सापडली. काट्यात अडकून बसली होती! हिवराखाली शेळी नाही सापडणार तर काय उंट सापडणार? मी हे सगळं काकूंना समजावून सांगितलं. ट्रायपॉड उघडून त्याचे पाय दाखवले, ओढणी का घ्यायची ते सांगितलं, मोबाइलवर आधीचे शॉट दाखवले. काकूंनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि जाता जाता दगडांना हात लावून तो कपाळाला लावला.

त्या दिवशीचा शॉट मी अंदाजानं घेतला. मोबाइलमध्ये जुनी चौकट, समोर झाड, एक पाऊल इकडे, अर्धं पाऊल तिकडे. फडकं सोडलं, बुंध्यावरचे शेंदराचे ओघळ मातीनं घासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर फडकं परत जागेवर, सोबत नवीन हिरव्या बांगड्या. मी सोडायची, गाव बांधायचं. असं ते चाललं होतं. रडकुंडीला आले होते मी. एवढी लांबची यातायात, रात्री-बेरात्रीच्या गाड्या, हे सगळं ज्या चौकटीसाठी केलं ती गेली आणि ज्यांनी घालवली त्यांच्यावर ओरडायचीही सोय नाही, कारण प्रत्येकानं चांगल्याच मनानं केलेलं.

हे काहीच नव्हे, असं वाटायला लावणारी गोष्ट घरी वाट पाहत होती.

आमचं घर बौद्ध. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आमच्या घरात देव्हारा नाही, पुस्तकांचं कपाट आहे. नवस, उतारे, गंडे-दोरे यांच्या विरोधात बोलण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. परिपाठाला, पालकसभेत, लग्नातसुद्धा. लहानपणी शाळेतल्या कुणी माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला होता, तर बाबांनी तो कापला आणि मला जवळ बसवून का कापला ते जेवण थंड होईपर्यंत समजावलं. अशा माणसाला डोणगावच्या बाजारात, भाजीच्या दुकानापुढे, चारचौघांत कुणीतरी म्हणालं होतं, "गुरुजी, पोरीचा नवस लय कडक हाय म्हंते तुमच्या."

"शिकवलं थे सगळं पान्यात गेलं माहं," ते मला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं. "लोकं हसून राह्यले. म्हंते, गुरुजी दुनियेले सांगे अन् घरातच देव बसवला."

"बाबा, मी नाई बसवला! तुम्हाले तरी माहीत हाय ना?"

"मले माहीत असून काय करू? चाल. ते दगड आत्ताच्या आत्ता नाल्यात टाकू."

मी एका पायावर तयार होते. ही फिल्म म्हणजे नेमकं काय, ते बाबांना कधी कळलंच नव्हतं. पोरीनं बी.एड. करावं असं त्यांना वाटायचं आणि त्यावरून आमची धुसफूस जुनी. दगड फेकायच्या बाबतीत मात्र आमचं दोघांचं प्रथमच एकमत झालं.

शेतात काका होतेच. बाबांना घमेलं घेऊन येताना पाहून ते धुऱ्यावर आले.

"काढून घ्या गुरुजी," ते म्हणाले. "मी तेच पाह्यत होतो. तूर निघाली तवाच तोडनार होतो झाड, पन देव बसला, मानूस हात लावाले तयार नाई. दगड हालले का उद्याच मशीन बोलावतो."

मी बाबांच्या हातातलं घमेलं धरलं. माझे तीन शॉट अजून बाकी होते, पानगळीपासून वैशाखातल्या नव्या पालवीपर्यंत.

बाबांनी आधी त्यांचा नेहमीचा मार्ग धरला. काकांना सावलीचं, मातीचं, पाखरं अळ्या खातात त्याचं, सगळं नीट समजावलं. तुमच्या बाजूच्या फांद्या छाटा, पण झाड राहू द्या, असंही म्हणाले. काकांनी मान देऊन ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं बराबर हाय गुरुजी. पन काटा बाजू पाहून टायरात घुसत नाई."

परत येताना बाबा माझ्यावर उखडले. "म्हंजे खऱ्यानं झाड राह्यत नाई अन् खोट्यानं राह्यते, असं?"

"वैशाखापर्यंत, बाबा. तेवढं माहं होऊ द्या."

"वैशाख. मंग मी स्वतः टाकीन ते दगड. अन् तवरक तू कोनाले हात जोडायचे नाई."

मी कबूल केलं. पुढचे महिने मी शॉट घेताना बोलायला आलेल्यावर सरळ खेकसायची. त्यामुळे नवस आणखी कडक झाला, असं कानावर आलं.

वैशाखात हिवराला कोवळी पालवी फुटली आणि मी शेवटचा शॉट घेतला. पुण्यात बसून तुकडे जोडले. माघापासून चौकट सरकलेली, फांदीवर एका शॉटमध्ये फडकं, एका शॉटमध्ये नाही, बुंध्यावर तांबूस डाग. तोंड पाडून मी ती फिल्म दाखवली. आमच्या सरांनी दिवे लावले आणि म्हणाले, "श्रद्धा निसर्गावर हळूहळू कशी चढत जाते, ते फार संयमानं दाखवलंयस. चौकट सरकवण्याचा निर्णय धाडसी आहे." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी निर्णय घेतला नव्हता, ट्रॅक्टरवाल्यानं घेतला होता, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. गावात खरं सांगून कुणी ऐकलं नव्हतं, इथे ऐकून घ्यायला कुणी रिकामं नव्हतं.

फिल्म संपली. परीक्षा झाली. पेरणीच्या आधी मी गावी आले, तर बाबांनी घमेलं दारातच काढून ठेवलेलं.

"चाल," ते म्हणाले.

काका धुऱ्यावर उभे होते. पाऊस पडायच्या आत झाड काढायचं तर आता घाई होती, लाकूड कापायच्या मशीनवाल्याशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. काकूही होत्या, जरा मागे, पदर तोंडाशी धरून. हिवर हिरवागार झाला होता. खाली वाळल्या शेंगा पडलेल्या आणि त्या खायला कुणाच्या तरी दोन शेळ्या आलेल्या. मागच्या वर्षीचा एक खोपा अजून फांदीला लटकत होता.

बाबा दगडांपाशी वाकले. तेवढ्यात काका म्हणाले,

"थांबा गुरुजी. पोरी, नवस तुहा हाय, तूच सांग. गुरुजीनं दगड फेकले तरी मानूस भेते, मशीनवाला बी भेते. तू तुह्या तोंडानं सांग का नवस फिटला, मंग कोनाले भेव नाई. फिटला नसंन तर मी झाडाले हात लावत नाई. काय म्हन्तं?"

माघापासून मी घसा कोरडा करून सांगत होते की नवस नाही, देव नाही, हे माझे ट्रायपॉडचे दगड आहेत. एकानंही विश्वास ठेवला नाही. आज पहिल्यांदा सगळे जण माझं ऐकायला तयार होते. नुसतं "फिटला" म्हणायचं, की बाबांची मान ताठ, गावातली कुजबुज बंद, मी मोकळी. फिल्म झाली होती. झाडाशी माझं काहीच अडलेलं नव्हतं.

मी झाडाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर कॅमेऱ्याशिवाय मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. वाऱ्यावर पालवी हलत होती. मला रागच आला, काकांचा, काकूंचा, त्या ट्रॅक्टरवाल्याचा, माझा स्वतःचा, आणि रडायला आलं.

"नाई फिटला, काका," मी म्हणाले.

बाबांच्या हातात पहिला दगड उचललेला होता. ते माझ्याकडे पाहत राहिले. आता सगळ्यांसमोर ते काय म्हणतील, याचीच मला भीती होती. ज्या माणसानं माझ्या मनगटाचा दोरा कापला, त्याच्या तोंडावर, गावासमोर मी नवस बोलले होते. बाबांनी तो दगड परत होता तिथे ठेवला. डुगडुगत होता, म्हणून खाली माती सारून नीट बसवला.

काकांनी "बरं" म्हटलं आणि मोबाइल काढून ते मशीनवाल्याला नको म्हणून सांगायला बाजूला गेले.

आम्ही दोघं रिकामं घमेलं घेऊन घरी निघालो. बाबा पुढे, मी मागे. वाटेत नाला आला. तिथे थांबून त्यांनी बोटांना लागलेला शेंदूर पाहिला, वाळूनं घासून घासून काढला, हात झटकले.

"कवा फिटते म्हंते हा नवस तुहा?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"माहीत नाई, बाबा."

त्यांनी घमेलं उचलून काखेत धरलं.

"मंग घाई नको करू," ते म्हणाले, आणि चालू लागले.